पांढऱ्या छपरावरची बोल्टाची रांग

मी भेकड माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. उभी हयात गोदामांच्या पत्र्यावर गेली, पण त्यातला एक दिवस न भिता गेला असेल तर शपथ. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की पोटात गोळा यायचा, तो खाली उतरून चहा प्यायल्यावरच जायचा. लोक म्हणायचे, गजाभाऊ एवढी वर्षं वर चढून राहिले, त्यांना कशाचं आलं भेव. आता त्यांना काय सांगू? आमच्या धंद्यात जे भ्याले नाहीत, त्यातले बरेच जण हे वाचायला उरलेले नाहीत.

आमचा धंदा शेडचा. कापसाची जिनिंग, डाळीची गोदामं, सरकीची कोठारं, खताचे डेपो. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत रस्त्याच्या कडेला मोठं छप्पर दिसलं की त्याला कधी ना कधी माझा हात लागलेला असायचा. बाप अमरावतीजवळ फुलं अन् भाजीपाला पिकवायचा, भाऊ अजून त्याच वावरात झेंडू लावतो. मला मातीपेक्षा लोखंड बरं वाटलं. वाकून खुरपण्यापेक्षा वर चढणं सोपं असेल, असं तेव्हा वाटलं होतं. अक्कल कमी होती, दुसरं काय.

सुरुवातीला नवे पत्रे बसवायचो, मग गळत्या काढायचो, आणि शेवटच्या काही वर्षांत एक वेगळंच काम आलं. जुन्या गोदामांनी वीज वाचवायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. दिवा खाईल, पंखा खाईल, गोदाम कुठून वीज खाणार? पण खातं. मे महिन्यात अकोल्यात भर दुपारी ज्यानं गोदामाचं शटर उचललंय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. भट्टीचं तोंड उघडावं तशी वाफ अंगावर येते. सिमेंटचा पत्रा दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. डाळीला कीड लागते, हमालांच्या पाठी घामोळ्यांनी भरतात, मग मालक मोठाले पंखे लावतो. छपरात उजेडासाठी मधून मधून प्लॅस्टिकचे पत्रे टाकलेले असतात, त्यांना आम्ही फायबर म्हणतो. ते उन्हानं पिवळे पडतात, वर धूळ बसते, आणि मग भर उन्हाळ्यात दुपारी बारालाही आत दिवे जळतात.

आता नियम आले. छप्पर किती तापतं, दिवसाचा उजेड किती येतो, फटीतून हवा किती जाते, सगळं तपासतात. त्याहून मोठा धाक भाडेकरूंचा. बाहेरच्या मोठ्या कंपन्या माल ठेवायला जागा शोधत येतात, त्या आधी वीज वाचवत असल्याचा दाखला मागतात. दाखला नसला की त्यांची गाडी सरळ पुढच्या गोदामाकडे वळते. म्हणून जे शेठ लोक गळका पत्रा बदलायला तीन पावसाळे लावायचे, तेच फोन करकरून मला बोलावू लागले.

काम तसं समजायला सोपं. छपराला पांढरा रंग द्यायचा, तो ऊन परत फेकतो. आढ्याला, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच कण्याला, वाऱ्यावर आपोआप फिरणारे पंखे बसवायचे. कांद्याच्या आकाराचे असतात, आतली गरम हवा फुकटात बाहेर काढतात. पिवळे फायबर काढून नवे टाकायचे. खालून चंदेरी अस्तर लावायचं. फटी बुजवायच्या.

फटीवरून आठवलं. अमरावतीत एक बियाण्याचे व्यापारी होते. त्यांच्या गोदामाच्या सगळ्या फटी आम्ही बुजवल्या, शटरला खालून रबर लावलं. शेठनी फिरून पाहिलं आणि म्हणाले, "सगळं झाक हाय गजाभाऊ, पन आमची सुंदरी कुठून जाईन?" सुंदरी म्हणजे उंदरांसाठी पाळलेली मांजर. मग तिच्यासाठी दारात चौकोनी भोक पाडलं, त्याला रबरी पडदा लावला. तपासायला आलेल्या साहेबांनी तो पडदा दोनदा उचलून पाहिला, हसले आणि दाखला दिला. सुंदरी मात्र त्या दारातून एकदाही गेली नाही. शटरपुढं बसून ओरडायची, मग वॉचमन शटर हातभर वर करायचा. अजून करतो म्हणतात.

हे हसण्यावारी झालं. खरी गोष्ट भेवाची आहे.

मला हे काम हबीबचाचांनी शिकवलं. माझे उस्ताद. सिमेंटचा पत्रा दिसतो दगडासारखा आणि फुटतो पापडासारखा. तो खाली ज्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर टेकलेला असतो त्यांना पर्लिन म्हणतात, आणि पत्रा पर्लिनला बोल्टानं आवळलेला असतो. वरून पर्लिन दिसत नाही, बोल्टाच्या टोप्यांची रांग दिसते. चाचा म्हणायचे, "पत्रे पे भरोसा मत कर गजू. बोल्ट देख." बोल्टाच्या रांगेवर पाय ठेवायचा, तिथून लांब ढांग टाकून पुढच्या रांगेवर. मधे टेकायचं नाही. थांबायची वेळ आली तर आडवी फळी टाकायची. आणि फायबरवर बोल्ट असला तरी पाय ठेवायचा नाही, उन्हानं त्याचा जीव गेलेला असतो.

आणखी एक नियम चाचांनी सांगितला नाही. तो मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. धामणगाव रेल्वेला एका जिनिंगच्या शेडवर आम्ही गळती काढत होतो. चाचा आढ्याजवळ होते, मी दुसऱ्या टोकाला. खालून जिनिंगच्या दिवाणजीनं, बिचाऱ्यानं मानानंच, हाक दिली, "उस्ताद, चाय आ गई." चाचांनी वळून पाहिलं. माणूस वळला की पाय हलतो. त्यानंतर कसला आवाज आला ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. मी खाली उतरलो तेव्हा तो चहा ओट्यावर तसाच ठेवलेला होता, वाफ निघत होती. तेव्हापासून माझ्या कामावर एकच कायदा. वरच्या माणसाला खालून आवाज द्यायचा नाही, घरी आग लागली असली तरी नाही.

अकोल्यात रमणशेठचं डाळीचं गोदाम आहे. जुनं, लांबलचक. त्याच्या गळत्या मी वर्षानुवर्षं काढल्या. तिथं हमालांचे मुकादम होते तुळशीरामबाबा. सत्तरीला टेकलेले, अंगानं सुकी काडी. त्यांची लेक शोभा तिथंच फाटका बारदाना, म्हणजे रिकामी पोती, शिवायची. बापलेकीचं दिवसभर वाजायचं आणि दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायची.

तुळशीरामबाबांची एक कामाची रीत सांगायलाच पाहिजे. हमाल पाठीवर कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, घेऊन फळीवरून थप्पीवर चढतो. थप्पी म्हणजे पोत्यांचा रचलेला डोंगर. मान खाली दबलेली, डोळ्यापुढं स्वतःच्या पायाचे अंगठे, वर गोदामात अंधार. फळी कुठं वळते, कुठं संपते, दिसत नाही. बोलून सांगावं तर ऐकणारा सवयीनं मान वर करतो आणि कट्टा मानेवर येतो. म्हणून मुकादम थप्पीवर बसतो आणि पोतं ओढायच्या लोखंडी आकड्यानं फळीवर ठोका देतो. ठोका पडला तिथं पाय. ठोका थांबला की माणूस थांबला. तोंडातून चकार शब्द नाही. पुढं रमणशेठनी नवे दिवे लावले, लख्ख उजेड आला, तरी त्यांचा ठोका चालूच. मी एकदा विचारलं, आता काहून ठोकता बाबा? म्हणाले, "दिवा गेला तं? ठोका जात नाई."

त्या गोदामात दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची. वजनाचा काटा धुवायचा, सगळ्यांचे आकडे पाटावर ओळीनं मांडायचे, हळदकुंकू, झेंडू. झेंडू आमच्या वावरातला, मी दरवर्षी पोतंभर घेऊन जायचो. आणि त्या दिवशी तुळशीरामबाबा छपरावर चढून आढ्याला निशाण बांधायचे. आधी त्यांच्या बापानं बांधलं, मग त्यांनी. निशाण फडकलं की खाली नारळ फुटायचा, तेव्हाच नव्या हंगामाचा माल उचलायला हमाल राजी व्हायचे.

रमणशेठनी दाखल्यासाठी गोदाम सुधारायला काढलं तेव्हा नागपूरच्या एक इंजिनिअर मॅडम तपासायला आल्या. तरुण बाई, पण कामाला पक्की, छपराखालच्या लोखंडी कैचीवर स्वतः चढून पाहिलं. त्यांनी सांगितलं की जुने फायबर सगळे काढा, नवे टाका, मग रंग. रस्त्याकडच्या उतारावर आम्ही तसंच केलं. मागच्या उताराचं काम नवे पत्रे यायचे होते म्हणून अडलं, आणि मी तेवढ्यात परतवाड्याला दुसऱ्या कामाला गेलो. इकडे मशीननं रंग मारणारे लोक आलेले होते, ते थांबायला तयार नाहीत. शेठनी त्यांना मागचा उतारही मारायला लावला. जुन्या फायबरसकट.

मी परत आलो तेव्हा शेठ खुशीत होते. म्हणाले, "ते फायबर तसेही उजेड देत नव्हते गजाभाऊ. निदान ऊन तरी अडेल. नवे आले की बदलू." मी लोखंडी शिडीवरून डोकं वर काढलं आणि तिथूनच माघारी फिरलो. सगळं छप्पर एकसारखं पांढरं. कुठला पत्रा सिमेंटचा, कुठला फायबर, काही कळेना. बोल्टाच्या टोप्या जाड रंगाखाली बुडालेल्या, नाक लावल्याशिवाय दिसत नव्हत्या. आयुष्यभर ज्या खुणांवर मी पाय दिले त्या सगळ्या गेल्या होत्या. मी शिडीला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. शेठला सांगितलं, नवे पत्रे येईपर्यंत वर चिटपाखरू जाता कामा नये, निशाणही या साली फाटकावर बांधा. शेठनी हमालांना तसं सांगितलं. हमालांनी कुरकुर केली. तुळशीरामबाबा काहीच बोलले नाहीत.

दसऱ्याच्या दिवशी मी झेंडू घेऊन पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ऑक्टोबरचं अकोल्याचं ऊन, उन्हाळ्याला लाजवणारं. शोभा पाटापुढं बसून आकड्यांना कुंकू लावत होती. मी विचारलं, बाबा कुठी हायेत? म्हणाली, "मांगं हातपाय धुवाले गेले." आणि तिची नजर ताटावर गेली. ताटात नारळ होता, विड्याची पानं होती. निशाण नव्हतं.

आम्ही दोघं मागं पळालो. भिंतीला लागून पाण्याची टाकी आहे. टाकीवर बांबूची शिडी उभी होती, आणि छपरावर निशाण चालत होतं. मी खरंच सांगतो, पहिल्या क्षणी मला माणूस दिसलाच नाही. पांढरं धोतर, पांढरी बंडी, खाली पांढरं छप्पर. भगवं निशाण तेवढं एकटं वर सरकत होतं.

शोभानं हाक मारायला तोंड उघडलं. मी तिचं मनगट धरलं आणि नुसती मान हलवली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जन्मात विसरणार नाही. मी हळू म्हणालो, "आवाज दिला तं वळून पाहतीन." तिला कळलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

म्हातारा जुन्या सवयीनं चालला होता. लांब ढांग, दम, लांब ढांग. पाय आपोआप बरोबर पडत होते. आढ्यापर्यंत गेले, नव्या फिरत्या पंख्याच्या बाजूला निशाण बांधलं. पलीकडून, समोरच्या अंगणातून हमालांचा गलका ऐकू आला, नारळ फुटला. त्यांना मागचं काही माहीत नव्हतं.

मग बाबा उतरायला वळले. चढताना ऊन पाठीवर होतं. आता ते समोर आलं, आणि पायाखालच्या रंगानं तेच ऊन परत तोंडावर फेकलं. ज्या गुणासाठी तो रंग मारला तोच गुण. बाबांनी डोळ्यावर हात धरला. एक पाय टाकला, दुसरा टाकला, मग चाचपडत बाजूला सरकले. करकर असा आवाज आला. ते मटकन खाली बसले आणि बसूनच राहिले.

डोकं मात्र चालत होतं, कारण चाचा गेल्यापासून हीच वेळ मी रोज मनात पाहिलेली. वर जावं तर माझ्या वजनानं त्यांच्याखालचं छप्पर जाणार. फळ्या दुसऱ्या साइटवर. आवाज द्यायचा नाही. मागच्या अंगणात वॉचमन होता, त्याला मी आगीच्या बंबाला फोन करायला पिटाळलं, पण दसऱ्याच्या गर्दीतून बंब येईपर्यंत उन्हात बसलेला म्हातारा घेरी येऊन पडला असता. एकच जागा उरली होती जिथून छपराचा सांगाडा दिसतो. आतून.

आत गेलो. डोळ्यांना अंधार. हळूहळू दिसायला लागलं. सिमेंटचे पत्रे काळे, आणि रंग मारलेले जुने फायबर मधे मधे मंद पिवळे. त्यातल्या एका पिवळ्या पत्र्यावर सावली बसलेली होती. अर्धी सावली. म्हणजे अर्धा माणूस सिमेंटवर आणि अर्धा फायबरवर. एक हात टेकलेला होता, त्याची बोटं मला मोजता आली असती. हात फायबरवर होता, आणि त्याच्या शेजारून एक उजळ चीर गेलेली. दिवाळीनंतर तिथं चंदेरी अस्तर लागणार होतं. ते लागलेलं असतं तर मला यातलं काहीच दिसलं नसतं.

सावलीच्या बरोबर खाली मधली गल्ली होती, उघडी फरशी. वॉचमनकडून कळल्यावर हमाल पुढून धावत आले. मी ओठावर बोट ठेवलं आणि बारदान्याच्या ढिगाकडे दाखवलं. ते न बोलता कवळ भरभरून बारदाना गल्लीत टाकू लागले. एवढ्या उंचीवरून त्यानं काय होणार होतं ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. पण हात रिकामे ठेवून उभं राहवत नव्हतं.

शोभा पाटाकडे गेली आणि बापाचा आकडा उचलला, हळदकुंकू अन् झेंडूसकट. एक हमाल दबक्या आवाजात म्हणाला, "शोभाबाई, पूजेतलं हत्यार हाय, आज उचलत नाई." ती म्हणाली, "मंग काय बापाले पडू देऊ?" तिनं सुतळीनं आकडा बांबूच्या टोकाला बांधला आणि थप्पीवर चढली. मी मागं. मला ती काय करणार ते तोपर्यंत उमगलं नव्हतं, हे कबूल करतो. तिनं वर पाहून विचारलं, "पाय कुठी टाकाचा तेवढं दाखव भाऊ. सांगतो मी त्याईले."

बोल्ट पत्र्यातून खाली उतरतो आणि पर्लिनला हुकासारखा कवळ मारतो. खालून त्या कवळीवर ठोका दिला की तो थेट वरच्या टोपीत जातो. सावलीच्या डाव्या हाताला, सिमेंटच्या बाजूचा बोल्ट मी दाखवला. शोभानं बांबू वर नेला. पहिल्यांदा आकडा नुसताच हवेत फिरला. मी बांबू खालून धरला.

ठक.

सावली हलली नाही. पुन्हा ठोका. पुन्हा. मला वाटलं, ऐकू जात नाही, वर वारा असेल, म्हातारा कानानं कमी असेल, माझंच चुकलं असेल. मग सावलीची मान कलली, फळीवर कट्टा घेतलेल्या हमालाची कलते तशी. टेकलेला हात हळूच उचलला गेला आणि पिवळ्यातून काळ्यात गेला. मग खांदा. मग गुडघा. मग पिवळ्या पत्र्यावर काहीच उरलं नाही.

याच्याइतकं भेव मला आधी कधी वाटलं नाही, नंतरही नाही. सावली दिसत होती तोवर धोका होता. दिसेनाशी झाली म्हणजे माणूस सिमेंटवर, म्हणजे बरं. हे डोक्याला कळत होतं, पोटाला कळत नव्हतं. आता वर कोण आहे, कुठं आहे, काही दिसायला मार्ग नाही. फक्त शोभाचा ठोका आणि त्यानंतर वर तळव्याचा दबका आवाज. बाबा आता उभं न राहता हातापायांवर रांगत होते, आधी हातानं टोपी चाचपायचे, मग गुडघा आणायचे. मी बोट दाखवायचो, ती ठोकायची. थप्पीच्या पायऱ्यांनी आम्ही छपराच्या उताराबरोबर खाली सरकत होतो.

छपराच्या खालच्या कडेची पन्हाळ जवळ आली तसा शोभाला धीर निघेना. एक पाय पुरता टेकायच्या आत तिनं पुढचा ठोका दिला. वर पत्रा करकरला, भुकटी तिच्या डोळ्यात पडली. तिनं ठोकाच थांबवला. वरही सगळं थांबलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "सावकाश माय. तुह्या बापासारखं ठोक." तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा सुरू केलं. ठोका, दम, ठोका.

आम्ही मागच्या अंगणात पोचलो तेव्हा बाबांचे पाय टाकीवर टेकले होते. हमालांनी त्यांना उचलून खाली घेतलं. नडगी सोलली होती, धोतर लाल झालं होतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "शोभे, शेवटी शेवटी घाई करून राह्यली होती तू. कट्टा घेतलेला गडी तुह्या ठोक्यानं मेला असता." शोभानं हातातला बांबू फेकला, खाली बसली आणि मोठ्यानं रडली. रडता रडता बापाला जे काही बोलली ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. रमणशेठ नुसते उभे होते, त्यांचा चेहरा त्या रंगापेक्षा पांढरा झाला होता. मी विचारलं, "काहून गेले बाबा वर? फाटकावर बांधाचं ठरलं होतं ना?" म्हणाले, "फाटकावर बांधाले ते काय लग्नाचा मांडव हाय?"

तेव्हा कुठं बंब आला, मी फाटकावर जाऊन तो माघारी पाठवला. परत आलो तर बाबा पाटापुढं बसलेले, आकडा स्वतः धुऊन पुन्हा ओळीत ठेवत होते.

कळल्यावर मॅडम दुसऱ्याच दिवशी नागपूरहून आल्या. चीर पाहिली. मग शेठला जे बोलायचं ते बोलल्या आणि मला विचारलं, काका, तुम्हाला काय पाहिजे? मी म्हणालो, जुने फायबर सगळे काढायचे, खाली जाळी बांधायची, आणि बोल्टाच्या टोप्या लाल रंगवायच्या. पांढऱ्यावर लाल आलं तर दाखल्याला बाध येईल का, हीही शंका विचारली. त्या म्हणाल्या, "त्या टोप्या अशा किती तापणार आहेत? लावा." तेव्हापासून मी जिथं जिथं छप्पर पांढरं केलं तिथं लाल रांगा सोडल्या. बाकीचे ठेकेदार हसतात. हसू देत. आधीची किती तरी पांढरी छपरं मात्र तशीच आहेत, रात्री कधी झोप मोडली की ती डोळ्यापुढं येतात.

पुढच्या दसऱ्याला मी झेंडू घेऊन गेलो. बाबांचे गुडघे बसले होते, आणि शोभानं त्यांना स्वतःच्या लेकरांची शपथ घातली होती. निशाण ताटात होतं. हमाल एकमेकांकडे पाहत होते, मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, मी आता वर चढायचं सोडलं, माझं वय झालं, मला भेव वाटतं. बाबा म्हणाले, "तुले भेव वाटते, म्हूनच तू जाय."

कमरेला पट्टा बांधला, दोर लावला, चढलो. फायबर नवे होते, खाली जाळी होती, ऊन चढायच्या आत गेलो होतो. लाल टोप्यांची रांग सरळ आढ्यापर्यंत गेलेली, लहान पोरालाही दिसेल अशी. निम्म्यात पोचलो आणि पाय उचलेना. कुठल्याशा चहाच्या कपातली वाफ डोळ्यापुढं आली. तिथंच उभा राहिलो, किती वेळ ते माहीत नाही.

मग माझ्या पुढच्या बोल्टाखाली ठोका पडला. अस्तरातून दबका आलेला, पण पडला. खाली म्हातारा थप्पीवर चढला असणार, शोभाची शपथ छपरापुरतीच होती. अस्तरामुळं त्याला मी दिसत नव्हतो, माझा थांबलेला पाय तेवढा ऐकू आला असेल. मला लाल टोपी स्वच्छ दिसत होती. तरी मी दुसऱ्या ठोक्याची वाट पाहिली, आणि तो आला तेव्हाच पाय उचलला.